चौथा साक्षीदार

माझ्या चारित्र्याविषयी कोणीतरी कोठेतरी काहीतरी बोलले आहे, अशी शंका मला प्रथम दंतवैद्याच्या खुर्चीत आली. डॉक्टर अ‍ॅम्सडेन यांनी माझ्या तोंडात आरसा, चिमटा आणि स्वतःची दोन बोटे घातली आणि मग अगदी सहज विचारले, “काय, आला का परवाना?” समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशीच वेळ साधून प्रश्न विचारणारा मनुष्य सरळ असू शकत नाही. मी घशातून एक आवाज काढला. त्यांनी तो समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, “वेळ लागतोच.” त्या ‘लागतोच’मधला ‘च’ घरी येईपर्यंत मला दाढेपेक्षा जास्त ठणकत होता.

मी आयुष्यभर एका विमा कंपनीत दावे तपासले. कोठार विजेमुळे जळाले की काडीमुळे, छपरावरचे झाड वाऱ्याने पडले की करवतीने, हे ठरवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे संशय हा माझा स्वभाव नसून व्यवसाय होता, असे मी लोकांना सांगतो. व्यवसायातून निवृत्त होता येते, असे माझी पत्नी लोर्ना त्यावर म्हणते.

प्रकरण माझ्या वडिलांच्या रिव्हॉल्वरचे होते. माझे वडील कॉर्नेलियस व्रूमन गेल्या उन्हाळ्यात, नव्वदी ओलांडल्यावर, जेवणानंतर खुर्चीतल्या खुर्चीत गेले. त्यांच्या स्वभावाप्रमाणे कोणालाही तसदी न देता. तसदी दिली ती त्यांच्या पश्चात त्यांच्या टेबलाच्या खणाने. आमच्या राज्यात शिकारीची लांब बंदूक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छत्रीसारखी उभी राहिली तरी कोणी हरकत घेत नाही. हातात मावणाऱ्या शस्त्राला मात्र काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, न्यायाधीशाने सही केलेला परवाना लागतो. हा परवाना माणसाबरोबर संपतो आणि शस्त्र मागे उरते. मग वारसाने ते ताबडतोब पोलिसांकडे किंवा बंदुकीच्या दुकानात ठेवायचे आणि स्वतःचा परवाना आला की सोडवून आणायचे. मी ते व्हिन्स टार्बेलच्या दुकानात नेले. व्हिन्सने चक्र उघडले, नळी दिव्यासमोर धरून आतून पाहिली आणि विचारले, “तुझा बाप हे उडवायचा कधी?”

“दर फेब्रुवारीला,” मी म्हणालो.

व्हिन्स म्हणाला, “हं.”

विम्याच्या धंद्यात मी पुष्कळ ‘हं’ ऐकले आहेत आणि त्यांतला एकही निर्मळ नव्हता. या माणसाला वस्तू पाडून मागायची आहे, किंवा आतल्या आत बदलायची आहे, हे मी ओळखले. त्या दिवसापासून दर शनिवारी मी दुकानात जाऊन रिव्हॉल्वर पाहून येऊ लागलो. त्यावरचा नंबर मला पाठ होता. पुढे पुढे व्हिन्स मला पाहताच काही न बोलता ते फडक्यावर काढून ठेवी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगे, “भेटीची वेळ आहे.”

‘दर फेब्रुवारीला’ याचा अर्थ आमच्या हॉलेनबेक गावात कोणालाही सांगावा लागत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, केटल तळे पुरते गोठल्यावर, सारे गाव बर्फाला भोके पाडून त्यांच्याभोवती बादल्यांवर बसते. उजाडताना एक बार होतो आणि त्यानंतरच गळ पाण्यात सोडायचा. पहिल्या माशाचा मान मोठा असतो, म्हणून बारापूर्वी गळ सोडण्याचा मोहही मोठा. त्यामुळे बारापूर्वीच्या त्या दोन-चार मिनिटांत हॉलेनबेकमधला प्रत्येक सुशिक्षित, देवभीरू मनुष्य आपले भोक सोडून शेजाऱ्याच्या भोकाकडे पाहत असतो. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून तो बार माझ्या वडिलांनी काढला. मी तो दरवर्षी ऐकला. पाहिला मात्र कधीच नाही, कारण माझी नजर फ्लॉइड होटलिंगच्या भोकावर असे.

हा फ्लॉइड स्पर्धेच्या समितीचा प्रमुख. वडिलांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हार्लन, ती जागा व्रूमनांचीच. परवाना काढ आणि उभा राहा. आणि नाहीच मिळाला तर काळजी करू नकोस. माझ्याकडे बोटीचा भोंगा आहे.”

कॉर्नेलियस व्रूमनच्या जागी भोंगा! सांत्वनाच्या वेळी असे बोलणारा मनुष्य सहज बोलत नसतो. मी त्याच आठवड्यात अर्ज केला.

बोटांचे ठसे झाले, फोटो झाला, शाळेच्या व्यायामशाळेतला प्रशिक्षणवर्ग झाला. हे सारे सोपे. अवघड होते ते चारित्र्याचे चार साक्षीदार: काउंटीत राहणारे, नात्यात नसलेले, आणि अर्जदार भला मनुष्य आहे असे चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या घरात बसून सांगण्यास राजी असलेले. साठी ओलांडलेल्या माणसाने एकदा अशी चार नावे काढण्याचा प्रयत्न करून पाहावा. पाच-सहा तर सहज आठवतात. मग त्यांतल्या कोणाच्या गारपिटीच्या दाव्यात आपण कात्री लावली होती तेही आठवते. शेवटी डॉक्टर अ‍ॅम्सडेन ठरले, कारण माणसाच्या दाढा पाहिलेल्याने त्याला बऱ्यापैकी ओळखलेले असते. दुसऱ्या, आमच्या चर्चच्या धर्मोपदेशिका आयडेला कून्झ. तिसरा फ्लॉइड. लोर्ना म्हणाली, “त्याला कशाला घेतोस?” मी म्हणालो, ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याला कागदावर घ्यावे. चौथा शेजारचा वॉल्ट झिलिन्स्की.

वॉल्ट पंचाहत्तरीचा, एकटा, जुना सुतार. मी विचारायला गेलो तेव्हा तो कुंपणाला रंग देत होता. मागे न वळताच म्हणाला, “घाल माझं नाव. तुझ्यासाठी खोटं बोलायला माझं काय जातंय?” त्याच्या थट्टेची ही रीतच होती. मी हसलो, पण नोंद ठेवली.

मग पाने गळाली, बर्फ पडू लागले, थँक्सगिव्हिंगचे टर्की खाऊन झाले, आणि परवान्याचा पत्ता नाही. अर्जाची चौकशी शेरीफच्या कार्यालयाकडे होती आणि तिथे फोनवर मिस टफ्ट नावाच्या बाई असत. त्यांचा आवाज मऊ होता, पण उशी जशी मऊ असते तसा: तोंडावर दाबल्यावर कळते.

“तुमच्या एका साक्षीदाराचं व्हायचंय अजून,” त्या म्हणाल्या.

“कोणाचं?”

“ते गोपनीय असतं.”

“त्यानं नकार दिलाय का?”

“तेही गोपनीय असतं.”

“म्हणजे दिलाय.”

“मिस्टर व्रूमन, मी असं काही म्हटलं नाही.”

पण असे काही नसते तर ‘असे नाही’ म्हणता आले असते. ‘असे म्हटले नाही’ हे वाक्य मी नोकरीत स्वतः वापरलेले आहे.

गावच्या खानावळीत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. काउंटरवर कॉफी पिणाऱ्या प्रत्येकापाशी माझ्यासाठी सल्ला होता. एकाच्या मेहुण्याचा परवाना त्याने तरुणपणी कोणाच्या तरी गायी रस्त्यावर सोडल्या म्हणून अडला होता. मी गायींच्या बाबतीत काही केले होते का, हे त्याला खाजगीत जाणून घ्यायचे होते. दुसऱ्याचे मत, रोज फोन करावा म्हणजे कंटाळून देतात. तिसऱ्याचे, फोन मुळीच करू नये, कारण जो फोन करतो त्याला बंदुकीची घाई आहे अशी नोंद होते. मी दोघांचाही मान राखला: रोज फोन केला, पण नाव सांगितले नाही. मिस टफ्ट दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, “नमस्कार, मिस्टर व्रूमन.”

तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच, की तिघांपैकी कोण? तिघे म्हणण्याचे कारण, वॉल्टवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. तो दर हिवाळ्याप्रमाणे फ्लोरिडाला निघून गेला होता. जो मनुष्य इथे नाही तो माझ्याविरुद्ध काय करणार? उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाविरुद्ध पुरावा होता. डॉक्टरांचा ‘च’ मी सांगितलाच. आयडेला कून्झ यांनी एका रविवारी तलवारी मोडून नांगर करण्याच्या बायबलमधल्या वचनावर प्रवचन दिले आणि ‘तलवारी’ म्हणताना दोनदा आमच्या बाकाकडे पाहिले. लोर्नाचे म्हणणे, आमच्या बाकामागे घड्याळ आहे. आणि फ्लॉइडच्या ट्रकमध्ये मी स्वतः भोंगा पाहिला. तो पुसून लख्ख केलेला होता.

दावा अडला की आम्ही समोरच्याशी गोड बोलून कच्चा दुवा शोधत असू. मी तेच केले. धर्मोपदेशिकांकडे अ‍ॅपल पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन गेलो आणि जाता जाता विचारले, “तुमच्या मते मी कसा माणूस आहे?” डॉक्टरांना मेपलच्या पाकाची बाटली दिली आणि त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. फ्लॉइडच्या घरासमोरचे बर्फ तो उठण्यापूर्वी साफ करून ठेवले. तिसऱ्या दिवशी तो झग्यावर कोट चढवून दारात उभा राहिला.

“काय पाहिजे तुला, हार्लन?”

“काही नाही. शेजारधर्म.”

“तू तीन मैलांवर राहतोस.”

त्या आठवड्यात आयडेला कून्झ मी घरात नसताना लोर्नाला भेटून गेल्या. सगळे ठीक आहे ना, हार्लनला झोप लागते ना, घरात काही ताण आहे का, असे त्यांनी तिचा हात हातात घेऊन विचारले. लोर्नाने मला पुढ्यात बसवले. “ज्या लोकांना तुझ्याकडून इतक्या वर्षांत कधी कपभर साखर मिळाली नाही,” ती म्हणाली, “त्यांच्या दारात तू अ‍ॅपल पाय घेऊन उभा राहिलास तर ते घाबरणारच. बंद कर.” मी बंद केले, पण जखमी मनाने. भलेपणाचा पुरावा मागायचा आणि तो घरपोच दिला की घाबरायचे, याला काय म्हणावे?

त्या हिवाळ्यात माझे समाधान एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे वॉल्टचे घर. तो जाताना किल्ली माझ्याकडे देई आणि म्हणे, “घर रिकामं वाटायला नको.” हे त्याने विम्याच्या माणसाला सांगावे हा त्याचा सुज्ञपणा. रिकाम्या घरांतल्या चोऱ्यांविषयी मला जितके ठाऊक आहे तितके चोरांनाही नसेल. मी त्याच्या घरात आपोआप लागणारे आणि विझणारे दिवे बसवले, तेही रोज निराळ्या खोलीत. टीव्हीवर सामन्याचा आरडाओरडा चालू राही. दिवसाआड मी त्याची गाडी पुढेमागे करी, गाडीवाटेवरचे बर्फ काढी, आणि त्याचेच जाड बूट घालून दारापासून टपालपेटीपर्यंत ताजी पावले उमटवी. खिडकीजवळच्या खुर्चीवर त्याचा कोट आणि टोपी अशी रचली होती की पडद्यातून पाहणाऱ्याला वॉल्ट टीव्ही पाहत बसलेला दिसावा. चोर घर रिकामे आहे का ते पाहायला आधी फोन करतात. म्हणून मी तिथे असताना घंटा वाजली तर उचलायचा, एक अक्षर न बोलता थोडा श्वास ऐकवायचा आणि ठेवून द्यायचा, असा माझा नियम होता. लोर्ना एकदा पाहून गेली आणि म्हणाली, “वॉल्ट घरी असतो तेव्हा इतका घरी नसतो.”

खरे सांगायचे तर वॉल्टविषयीही माझ्या मनात एक जुनी गाठ होती. दर फेब्रुवारीला तो फ्लोरिडाचे ऊन सोडून दोन-तीन दिवसांसाठी इथे येई, स्पर्धा झाली की परत जाई. आणि तो मासे धरत नसे. तळ्यावर त्याचे भोक नव्हते, बादली नव्हती, गळ नव्हता. कडेला आमिषे विकण्याचे एक लाकडी खोपटे आहे, त्याच्याआसपास तो घुटमळत असे. ज्याला मासे नकोत तो मनुष्य गोठलेल्या तळ्यावर कशासाठी येतो? कर चुकवण्याची काहीतरी भानगड असावी, असा माझा कयास होता; पण तो मी सिद्ध करू शकलो नव्हतो.

डिसेंबरात वॉल्टच्या घरासमोर एक करडी गाडी थांबली. साध्या कपड्यांतला एक उंच मनुष्य उतरला, त्याने दार वाजवले, थांबला, घराला वळसा घालून खिडक्यांतून डोकावला, काहीतरी टिपून घेतले आणि निघून गेला. मी पडद्याआडून गाडीचा नंबर घेतला आणि ताबडतोब शेरीफच्या कार्यालयाला कळवले.

“गाडी कुठल्या रंगाची?” मिस टफ्टनी विचारले.

“करडी.”

त्यांनी ‘करडी’ हा शब्द एकदा सावकाश उच्चारून पाहिला. मग त्या म्हणाल्या, “बरं. नोंद घेते.”

जानेवारीत ती गाडी पुन्हा आली. या वेळी मी अधिक कडक शब्दांत कळवले. ज्यांना प्रामाणिक माणसाचा परवाना द्यायला सवड नाही आणि दिवसाढवळ्या घरे टेहळणारा चोर पकडायलाही सवड नाही, ते दिवसभर तिथे झोपा काढतात काय, असा माझ्या म्हणण्याचा आशय होता.

जानेवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी मी वॉल्टच्या घरात दिवे बदलत होतो. गोठून नळ फुटू नयेत एवढीच ऊब मी तिथे ठेवली होती, म्हणून खुर्चीवरची त्याची टोपी उचलून मी डोक्यावर घातली आणि सामना जरा चांगला चालला होता म्हणून खुर्चीत टेकलो. बाहेर गाडी थांबली. पडदा हलू न देता मी पाहिले. करडी.

दारावर थापा पडल्या. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

“मिस्टर झिलिन्स्की, तुम्ही आत आहात हे मला दिसतंय. मी शेरीफच्या ऑफिसातून आलोय. डेप्युटी ब्रेनिगन.”

चोर याहून वेगळे काय म्हणणार? घरात मालक आहे, आणि खंबीर आहे, हे त्याला कळणे आवश्यक होते. मी वॉल्टचा खरखरीत आवाज काढला. “काय काम आहे?”

“तुमच्या शेजाऱ्याबद्दल विचारायचं होतं. हार्लन व्रूमन.”

मी टीव्ही बंद केला.

“तुम्ही बोलायचं टाळताय, मिस्टर झिलिन्स्की. मी आलो की दार उघडत नाही. फोन केला की उचलता, नुसता श्वास घेता आणि ठेवता. मला सरळ सांगा. तुम्हाला या माणसाची भीती वाटते का?”

जळालेल्या कोठाराच्या राखेत एखादी काडी सापडावी आणि सारा दावा क्षणात उलगडावा, तसे मला झाले. दिवे, पावले, कोट, श्वास. पाच महिने मी ज्या शत्रूला शोधत होतो त्याची टोपी माझ्या डोक्यावर होती.

“दार नका उघडू हवं तर,” बाहेरचा आवाज आता मऊ झाला होता. “एवढंच सांगा. त्यांच्या हातात पिस्तूल द्यावं का?”

आपल्याविषयी शेजारी काय सांगेल हे ऐकण्यासाठी माणूस जन्मभर भिंतीला कान लावतो. मला ते ऐकायचे नव्हते, सांगायचे होते. आणि ऐकणारा लिहून घ्यायला तयार होता. हार्लन व्रूमन म्हणजे सज्जन, शांत, वडिलांचा मान राखणारा मनुष्य, एवढे म्हणून टोपी खाली ओढायची की झाले. भोंगा फ्लॉइडच्या ट्रकमध्येच राहिला असता. मी तोंड उघडले. पण शपथेवर खोटे बोलणाऱ्या इतक्या लोकांसमोर मी बसलेलो आहे, की ते वाक्य बाहेर येण्यापूर्वीच मला त्याचा वास आला.

“तो फार संशयी आहे,” मी म्हणालो.

“किती?”

मी दार उघडले.

डेप्युटी ब्रेनिगनने टोपीकडे पाहिले, खुर्चीतल्या कोटाकडे पाहिले, माझ्या पायांतल्या मोठ्या बुटांकडे पाहिले. “तुम्ही झिलिन्स्की?”

“नाही. मी व्रूमन. झिलिन्स्की फ्लोरिडाला असतो.”

त्याने वहीची मागची पाने चाळली. “करड्या गाडीची तक्रार करणारे व्रूमन?”

“हो.”

“दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, आम्ही झोपा काढतो.”

“आशय तसा होता,” मी कबूल केले.

तो आत आला, खुर्चीवरचा कोट अदबीने बाजूला करून बसला आणि बराच वेळ दोन्ही हातांनी चेहरा झाकून राहिला. त्याचे खांदे हलत होते. कशाने, ते मी विचारले नाही. मग त्याने वॉल्टच्या फ्लोरिडातल्या शेजाऱ्याचा फोन नंबर लिहून घेतला, कारण तिथे वॉल्टपाशी स्वतःचा फोन नाही. “हे सगळं मला लिहावं लागेल,” तो उठताना म्हणाला. “न्यायाधीश वाचतात. स्पर्धेआधी काही होईल असं समजू नका.” दारात तो थांबला. “गोपनीय असतं, पण सांगतो. बाकी तिघांचं एका दिवसात आटोपलं होतं. होटलिंग तर तुमच्या वडिलांबद्दल आणि तुमच्याबद्दल इतकं बोलला की मला जेवायला उशीर झाला. कून्झबाईंनी नंतर पुन्हा फोन केला, पण तो अ‍ॅपल पायबद्दल होता.”

मी घरी गेलो आणि लोर्नाला सारे सांगितले. ती हसली नाही. तिने वाडग्यात सूप वाढले आणि म्हणाली, “आता खा.” ते मनाला जास्त लागले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वॉल्ट आला, उन्हाने तांबूस झालेला. परवाना मिळाला नाही, उद्या भोंगा वाजणार, आणि दोष सर्वस्वी माझा, हे मी त्याच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच सांगितले. त्याने आधी दिव्यांचे कौतुक केले. मग म्हणाला, “डेप्युटीचा फोन आला होता मला.”

“काय सांगितलंस?”

“गोपनीय असतं,” वॉल्ट म्हणाला. “फ्लॉइडला कळव, भोंगा घरी ठेव म्हणावं. आणि सकाळी माझ्याबरोबर चल.”

तळ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा फटफटत होते. बादल्यांच्या रांगा लागल्या होत्या, थर्मासांतून वाफा निघत होत्या. वॉल्ट मला आमिषांच्या खोपट्यामागे घेऊन गेला, गुडघे टेकले आणि फळीखालून ओकची दोन जाड फळकुटे काढली. एका टोकाला चामड्याच्या बिजागरीने जोडलेली, हातांच्या घामाने काळी पडलेली.

“पहिल्या वर्षी तुझ्या बापानं खरंच उडवली,” तो म्हणाला. “मी व्हिएतनामहून येऊन थोडेच दिवस झाले होते. बार झाला आणि मी बर्फावर खाली बसलो, डोकं हातांत धरून. कोणी पाहिलं नाही. सगळे एकमेकांच्या भोकाकडे बघत होते. पाहिलं ते फक्त कॉर्नेलियसनं. माझ्या शेजारी येऊन बसला. बोलला काहीच नाही. पुढच्या वर्षी ही फळकुटं माझ्या हातात दिली. म्हणाला, मी हात वर केला की आपट. आपणच केलेल्या आवाजाला माणूस दचकत नाही.”

मी ती फळकुटे हातात घेऊन पाहिली. “आणि रिव्हॉल्वर?”

“रिकामं. मी म्हटलं, मग आणतोस कशाला? तर म्हणे, रिकाम्या हातानं उभा राहिलो तर लोक वर बघतील. मग मागे बघतील.” त्याने हातमोजे काढले. “आज काय करायचं ते तू ठरव. बघितलं तर बघितलं. मी म्हातारा झालो.”

मला व्हिन्सचा ‘हं’ आठवला. ज्या नळीत इतक्या वर्षांत काडतूस गेले नाही ती व्हिन्सने दिव्यासमोर धरली होती आणि त्याला सारे कळले होते. त्याने ते कोणालाही, मलाही, सांगितले नव्हते.

“कोणी वर बघणार नाही,” मी म्हणालो.

“कशावरून?”

“या लोकांचा माझा अभ्यास आहे.”

मी वडिलांच्या जागी जाऊन उभा राहिलो. उजाडत आले. डावीकडे फ्लॉइड उजवीकडच्या भोकात डोळे घालून बसला होता. डॉक्टर अ‍ॅम्सडेन फ्लॉइडवर नजर ठेवून होते. आयडेला कून्झ, देवाच्या सेवेत असूनही, डॉक्टरांवर. साऱ्या तळ्यावर एकही मान वर नव्हती. लोकरीच्या हातमोज्यातला रिकामा हात मी डोक्यावर उंच धरला. आयुष्यात प्रथमच त्या घटकेला मी कोणाच्या भोकाकडे पाहत नव्हतो. मी खोपट्यामागे पाहत होतो.

बार असा झाला की पलीकडच्या टेकडीवरून परत आला. वॉल्टचे डोळे उघडे होते. तो दचकला नाही.

सगळीकडे गळ पाण्यात गेले. दुपारी फ्लॉइड, हातात पहिला मासा धरून, माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “अगदी तुझ्या बापासारखा आवाज. परवाना आला वाटतं?” त्याने माझ्या खिशांकडे पाहिले. मी त्याच्या माशाचे मनापासून कौतुक केले. त्याला ते संशयास्पद वाटले असणार.

परवाना एप्रिलमध्ये आला, तळ्याचे पाणी मोकळे झाल्यावर आणि रस्ते चिखलाने भरल्यावर. मी दुकानात गेलो. व्हिन्सने फडके उलगडले, सगळ्या सह्या घेतल्या आणि रिव्हॉल्वर माझ्यापुढे सरकवले. मी नंबर पाहिला नाही.

“आता तू उडवणार का?” त्याने विचारले.

“दर फेब्रुवारीला,” मी म्हणालो.

व्हिन्स म्हणाला, “हं.”